झिजलेली गिटार घ्यावी का?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जुनं वाद्य घेण्यात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही. शिंद्यांच्या चाकरीत येऊन शहरातल्या लष्कर भागात स्थिरावलेल्या कुटुंबांत तानपुरा आजोबांकडून नातवाकडे जायचा. एखाद्या घरातलं गाणं थांबलं की तो गाणं चालू असलेल्या घरात पोचायचा, कधी विकत, कधी नुसता मागून. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. राजाभैया पूछवाल्यांसारख्या गुरूंकडे शिकणाऱ्या पोरांना घरी रियाजाला काहीतरी लागायचंच. मिरजेहून नवा तानपुरा मागवायचा तर पैसे हवेत आणि धीरही हवा. ओळखीतला जुना मिळत असेल तर तो आधी पाहून यायचा, अशी रीत होती.

पाहायचं काय, तेही ठाऊक असायचं. भोपळ्याला तडा आहे का, दांडी वाकली आहे का, खुंट्या धरतात का आणि जवारी बोलते का. वरची नक्षी उडाली, पॉलिश गेलं, हस्तिदंती पट्टीचा तुकडा निखळला, तर किंमत पाडायला ते कामी यायचं, पण त्यापायी कुणी तानपुरा सोडून येत नसे. तारांनी घोडीवर चर पाडले म्हणून तानपुरा वाया जात नाही. जवारी काढणारा माणूस कानस घेऊन बसतो, घोडीचा माथा पुन्हा घासून बेततो, आणि तार परत झणकारू लागते.

आता त्याच घरांतली मुलं इलेक्ट्रिक गिटार मागतात आणि घरातली मोठी माणसं गांगरतात. नवी चांगली गिटार परवडत नाही, जुनी कुणीतरी विकतोय, तिचा रंग उडालाय, जागोजागी ठोके आहेत. काय करायचं? माझ्या भाच्यापुढे हाच प्रश्न आला. मुरारमधल्या एका गृहस्थांकडे एक काळी गिटार होती. लग्नं, गणेशोत्सव, मेळे अशा कार्यक्रमांना वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात ते पुष्कळ वर्षं होते. आता बोटं दुखतात म्हणून वाजवणं सोडलं. गिटार जपानी बनावटीची, स्ट्रॅटोकास्टर धाटणीची. मागणी नव्याच्या निम्म्याहून थोडी कमी. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही सोबत चला. मला बघताक्षणी आवडली, म्हणूनच भीती वाटते." त्याच्या या भीतीचं मला कौतुक वाटलं. वाद्य घेताना एवढी सावधगिरी हवीच.

तानपुऱ्याला लावतो तीच नजर या गिटारला लावायची, असं माझं म्हणणं आहे. झीज दोन प्रकारची असते. एक नुसती दिसते. दुसरी सुरात येते. पहिलीने घाबरायचं नाही आणि दुसरीचा हिशेब पैशांत मांडायचा. या गिटारच्या वरच्या कडेचा, उजव्या हाताचा कोपर टेकतो तिथला रंग पार गेला होता आणि आतलं लाकूड घामाने काळवंडलं होतं. पाठीवर पट्ट्याच्या बकलाने ओरखड्यांचं जाळंच केलेलं. यातल्या कशानेही सूर बिघडत नाही. इलेक्ट्रिक गिटारचं धड बहुधा भरीव लाकडाचं असतं, सतारीसारखं पोकळ नसतं. आवाज घडतो तो तारांखालच्या चुंबकांत आणि त्यांच्याभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत. रंगाचा पापुद्रा गेल्याने तिथे काही बदलत नाही.

खरी परीक्षा फ्रेटची. सतारीचे पडदे दांडीला बांधलेले असतात. सरकवता येतात, सोडवता येतात, बदलता येतात. गिटारचे फ्रेट पट्टीत खाच करून ठोकून बसवलेले असतात. ते बहुतेक जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. वर पोलादी तार. पोलाद या मिश्रधातूपेक्षा कठीण, त्यामुळे वर्षानुवर्षं तार दाबत राहिलं की फ्रेटवर खाच पडते. नवा फ्रेट पट्टीच्या वर साधारण एक मिलिमीटर असतो. एवढीच त्याची शिल्लक, आणि वाजवणारा ती रोज थोडी थोडी खर्च करत असतो.

आम्ही गिटार खिडकीपाशी नेली. उजेड तिरका पडेल अशी धरली आणि तारा ढिल्या करून बाजूला सारल्या. पहिल्या तीन फ्रेटवर, पातळ तारांच्या खाली, स्पष्ट खाचा होत्या. नख फिरवलं की अडकायचं. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत फ्रेट जवळजवळ शाबूत. बारावा ते पंधरावा मात्र वरून सपाट झालेले, आणि तेही वरच्या दोन तारांखालीच. पट्टी मेपलची, त्यामुळे लाखेचा थर जिथे झिजला होता तिथे बोटांचे करडे डाग उमटलेले. या खुणांवरून माणसाचं वाजवणं कळतं. पहिल्या तीन फ्रेटवर मोकळ्या तारांचे कॉर्ड धरले जातात. ऑर्केस्ट्रातला साथीदार रात्रभर तेच धरतो. बाराव्याच्या पुढे गाण्यामधल्या वाद्यवृंदाचे तुकडे वाजतात, तिथे तार आडवी ओढून मींडेसारखा स्वर चढवतात. त्या घासण्याने फ्रेट खड्ड्याऐवजी सपाट होतो. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते गृहस्थ हसले आणि हिंदीत म्हणाले की सत्तरीच्या दशकातली गाणी लोक सारखी मागायचे, त्यातले गिटारचे तुकडे तिथेच असतात. गिटार खोटं बोलत नव्हती आणि विकणाराही नव्हता. त्या क्षणापासून माझा कल होकाराकडे झुकला.

तरी कल म्हणजे निर्णय नव्हे. खाचा किती खोल आहेत यावर उपाय ठरतो. उथळ असतील तर कारागीर सगळे फ्रेट एका पातळीत घासतो, पुन्हा गोलाई देतो, पॉलिश करतो. हे जवारी काढण्यासारखंच काम आहे, पण प्रत्येक वेळी थोडी उंची जाते. ते एकदा-दोनदा जमतं. खाचा पट्टीच्या जवळ पोचल्या असतील तर जुने फ्रेट उपटून नवे बसवावे लागतात, आणि मेपलच्या लाखबंद पट्टीवर ते काम जास्त किचकट. साध्या गिटारच्या बाबतीत नव्या फ्रेटचा खर्च गिटारच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. म्हणून भाव ठरवण्याआधी हा आकडा हवा. ग्वाल्हेरला युनेस्कोने २०२३ साली संगीतनगरीचा मान दिला. तबल्याची पुडी चढवणारा किंवा हार्मोनियमचे सूर लावणारा इथे विचारल्यावर सापडतो. गिटारचे फ्रेट बदलणारा हात मात्र मला इथे भेटला नाही. जो तो दिल्लीचं नाव सांगतो. जाण्यायेण्याचं भाडंही मग त्या हिशेबात धरावं लागतं.

फ्रेटनंतर मान. गिटारची मान तारांच्या ओढीने पुढे वाकू पाहते आणि तिच्या आत बसवलेली पोलादी सळई, ट्रस रॉड, तिला मागे धरून ठेवते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅक्ह्यू यांच्या नावे १९२३ साली अशा सळईचं पेटंट झालं. आज इलेक्ट्रिक गिटार तिच्याशिवाय सहसा नसते. तपासणी सोपी आहे, कुणालाही करता येते. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबायची. ताणलेली तार सरळच असते, तीच मोजपट्टी. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट दिसते ते पाहायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी असेल तर मान ठीक. तार टेकूनच बसली असेल तर मान मागे वाकली आहे. बोट जाईल एवढी फट असेल तर पुढे. दोन्ही दोष सळई फिरवून दुरुस्त होऊ शकतात, पण सळईचा नट अजून फिरतो का, हे चावी लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नट शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि मान तरीही वाकडी असेल, तर परत यावं. पिळवटलेली मानही अशीच, तिला सहसा इलाज नाही. ती ओळखायला धडाच्या बाजूने डोळा लावून मानेच्या दोन्ही कडा पाहायच्या. त्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत.

ग्वाल्हेरमध्ये या तपासणीला आणखी एक बाजू आहे, आणि मुंबई-पुण्यात लिहिलेल्या सल्ल्यांत ती येत नाही. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पलीकडे जातो, लू वाहते आणि हवेतला ओलावा नाहीसा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा चिंब. जानेवारीत दाट धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी. लाकूड या सगळ्याला उत्तर देतं. उन्हाळ्यात पट्टी आडवी आकसते, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात आणि तळहाताला टोचतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान हलते, तारा वर उचलल्यासारख्या वाटतात. त्यात आपला वाळ्याचा कूलर. उन्हाळ्यात बहुतेक घरांत गिटार भिंतीला टेकवलेली असते त्याच खोलीत कूलर दमट वारा फेकत असतो, दुपारी वीज गेली की खोली पुन्हा भट्टी होते. अशा दिवसाआड फुगण्या-आकसण्याने लाकडाचं जेवढं नुकसान होतं तेवढं वाजवण्याने होत नाही. तारा, स्क्रू, ब्रिज यांवर गंज चढतो तो वेगळा.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा की वाद्य कुठे ठेवलेलं होतं. पाटियाच्या, म्हणजे दगडी फरशांच्या छताखालची खालच्या मजल्यावरची खोली बरी. पत्र्याखालचा माळा वाईट. या गृहस्थांनी गिटार कपाटात, कठीण पेटीत, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. फ्रेटची टोकं हाताला लागत नव्हती, आणि आम्ही गेलो ते भर उन्हाळ्यात. कोरड्या दिवसांत जी मान सरळ आहे आणि जिच्या कडा गुळगुळीत आहेत, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हेच आम्ही ऑगस्टमध्ये पाहिलं असतं तर मी थोडा थांबलो असतो.

विजेचा भाग लोकांना सर्वांत अवघड वाटतो. खरं तर आपल्या शहरात तोच सर्वांत सहज दुरुस्त होतो. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५० नंतर बाजारात आणलेल्या टेलिकास्टरमध्ये आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं जागोजागी दिसतं. मान चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी बसवलेली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. आतल्या तारा, पोटेन्शिओमीटर, जॅक हे सगळं रेडिओतलंच सामान. लष्करातला कुठलाही जुना टीव्ही-रेडिओ मेकॅनिक हे काम करू शकतो. आवाजाची कळ फिरवताना खरखर आली तर आत धूळ बसली आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. केबल हलवल्यावर आवाज तुटला तर जॅकचं डाखण सुटलं आहे.

पिकअप मात्र नीट पाहायचा. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असतात. एक तुटला तर तो पिकअप गप्प, आणि पंख्याची मोटर बांधणारा आपला वाइंडर एवढी बारीक तार हाताळायला तयार होत नाही. तीन पिकअप असतील तर तीनही एकेक करून वाजवून पाहावेत. मल्टिमीटर असेल तर प्रत्येकाचा रोध मोजावा. या धाटणीच्या गिटारमध्ये तो साधारण सहा-सात हजार ओहम येतो. या गिटारचे दोन तसेच आले. मधला पिकअप अजिबात बोलत नव्हता. आत पाहिलं तर वेटोळं शाबूत होतं, बाहेरची जोडतार डाखणापासून निखळली होती. भाच्याच्या मित्राने तिथल्या तिथे ती जोडली आणि तिसराही वाजला.

आणि अर्थिंग. जुन्या वाड्यांतल्या दोन पिनांच्या जोडणीवर ॲम्प्लिफायर लावून कुणी वाजवू नये, हे मी पोटतिडकीने सांगतो. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात थेट त्या जोडणीवर असतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते साहजिक आहे. वाढली, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर लगेच प्लग काढावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं. गिटार घ्यायच्या आधी घरातल्या त्या खोलीत खरं अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट बसवून घ्यावा.

झिजलेल्या गिटारचं एक वेगळंच आकर्षणही असतं. आयर्लंडच्या रोरी गॅलाघरने १९६३ साली कॉर्कच्या एका दुकानातून १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर घेतली, तीही वापरलेलीच, शंभर पौंडांना आणि उधारीवर. त्याने ती इतकी वाजवली की बहुतेक रंग निघून गेला. नुसतं लाकूड उरलं. २०२४ साली लंडनच्या लिलावात ती नऊ लाख पौंडांच्या जवळपास गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली. एरिक क्लॅप्टनने १९७० च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये घेतलेल्या जुन्या गिटारींचे सुटे भाग जोडून 'ब्लॅकी' बनवली. तिला २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलर मिळाले. या कथांनी बाजार फिरला. १९९५ पासून फेंडर कंपनीच नव्या गिटारी मुद्दाम घासून, ओरखडून, गंजवून विकू लागली आणि लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. कुणाला त्यात आनंद असेल तर मी आड येणार नाही. पण घामाने उडालेल्या रंगाची किंमत विकणाऱ्याला द्यावी, हे मला पटत नाही. गॅलाघरच्या गिटारला मोल आलं ते गॅलाघरमुळे. आपल्या मुलाने स्वतःच्या गिटारचा रंग स्वतः वाजवून उडवावा.

जीवाजीगंजमध्ये हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर १९९५ पासून 'सरोद घर' म्हणून पाहायला मिळतं. हाफिज अली ग्वाल्हेर दरबाराचे कलावंत. अमजद अली खाँ यांचा जन्मही याच शहरातला, १९४५ सालचा. तिथली जुनी सरोदं पाहताना गिटारचा विचार माझ्या डोक्यात होताच. सरोदाला पडदे नाहीत. तार धातूच्या गुळगुळीत पाटीवर नखाने दाबून घसरवायची, स्वर सलग वाहतो. ब्रिजभूषण काबरा हे अली अकबर खाँसाहेबांचे, म्हणजे सरोदियाचेच शिष्य. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर धातूचा तुकडा सरकवत राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांचीच गिटार आहे. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ साली ग्रॅमी मिळालं.

हे सांगण्यामागे व्यवहार आहे. अशा सरकत्या वादनात तार फ्रेटला टेकतच नाही. तारा मुद्दाम उंच बसवतात. मग फ्रेट किती झिजलेत याला काही अर्थ उरत नाही, मानेचा थोडा बाकही खपतो. घरात राग-संगीत आहे, मुलाचा कान मींडेवर तयार झाला आहे आणि तो आडवी गिटार वाजवणार आहे, अशा घराने झिजलेल्या फ्रेटची, चांगल्या पिकअपची गिटार बेलाशक घ्यावी. दुसरा गिऱ्हाईक ज्या कारणाने परत फिरतो, तेच कारण तिथे भाव उतरवण्याच्या कामी येतं. खयालाच्या या शहरात असं वाजवणारे अधिक का नाहीत, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

माझ्या भाच्याला मात्र उभं राहून, कॉर्ड धरून वाजवायचं आहे. त्याचे फ्रेट त्याला लागणार. आम्ही गिटारच्या खाचांचे जवळून फोटो काढले, एका मित्रामार्फत दिल्लीच्या कारागिराला दाखवले. त्याचं मत पडलं की पहिले तीन फ्रेट बदलावे लागतील, बाकीचे घासून चालतील, आणि पाच-सहा वर्षं पुन्हा बघावं लागणार नाही. पत्र्याच्या पेटीवर पंखा ठेवून चालवलेल्या त्या खोलीत आम्ही गृहस्थांसमोर हा हिशेब मांडला. लपवलं काही नाही. फ्रेटचा खर्च आणि दिल्लीचं भाडं त्यांनी मागणीतून कमी करावं, एवढीच विनंती केली. त्यांनी भाच्याला म्हटलं, "पहले कुछ सुनाओ." त्याने जे येत होतं ते वाजवलं, बाराव्या फ्रेटवर जरा अडखळला. ते म्हणाले, तिथे तार अशी ओढ, आणि दुखऱ्या बोटांनी ओढून दाखवली. मग भाड्याचे पैसे सोडले नाहीत, फ्रेटचे सोडले.

आम्ही गिटार घेतली. मान सरळ होती, ट्रस रॉड फिरत होता, तीनही पिकअप बोलत होते, वाद्य कुठे राहिलं ते ठाऊक होतं आणि फ्रेटची किंमत वजा झाली होती. यातली एक जरी गोष्ट नसती तरी मी नको म्हटलं असतं, रंग कितीही चकचकीत असता तरी. तुमच्या घरी असा प्रश्न उभा राहिला तर विकणाऱ्याकडे दिवसाउजेडी जा, वाजवणारा एखादा सोबत न्या, आणि जमलं तर मे महिन्यात जा.